घरच्या हत्यारांवर सिनेमाचा कॅमेरा घडवणारा कोल्हापूरचा कारागीर: बाबूराव पेंटर यांची विसरलेली गोष्ट

सावकाराच्या कर्जात बुडालेला शेतकरी शंभर वर्षांपूर्वीच पडद्यावर आणला, पण तो सिनेमा आज कुठंच नाही

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. बैल सजवला की व्हिडिओ, जत्रेत पालखी निघाली की व्हिडिओ. बटण दाबलं की काम झालं. पण एक काळ असा होता, की हलतं चित्र काढणारं यंत्र सातासमुद्रापलीकडून आणावं लागायचं आणि त्याची किंमत ऐकूनच माणूस मागं सरायचा. त्या काळात कोल्हापूरच्या एका कारागिरानं ठरवलं, की यंत्र विकत घेता येत नसेल तर आपण घरीच बनवायचं. आणि त्यानं ते बनवलंही.

त्या माणसाचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं. भारतीय सिनेमाचा विषय निघाला की दादासाहेब फाळके यांचं नाव पहिलं येतं आणि ते यायलाच पाहिजे. पुढं व्ही. शांताराम यांचं येतं, प्रभातचं येतं. पण फाळके आणि प्रभात यांच्या मधला जो दुवा आहे, तो बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. तो दुवा म्हणजे बाबूराव. त्यांचीच ही गोष्ट.

हातात कला, पाठीशी शाळा नाही

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिराचं. लाकूड, लोखंड, रंग, माती या सगळ्यांशी लहानपणापासून ओळख. चित्रकला शिकायला ते कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. बघून शिकले, करून शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच हुन्नरी. दोघांची जोडी जमली.

तो काळ संगीत नाटकांचा होता. नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या आणि रंगमंचावर मागं मोठमोठे रंगवलेले पडदे लागायचे. राजवाडा, जंगल, नदीचा घाट, रस्ता, सगळं कापडावर रंगवलेलं. आनंदराव आणि बाबूराव हे पडदे रंगवण्यात तरबेज झाले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या नामांकित कंपनीसाठी त्यांनी काम केलं. पडदा उघडला की प्रेक्षक नट येण्याआधी चित्रालाच दाद द्यायचे, असा त्यांचा लौकिक होता. याच कामामुळं मेस्त्री हे आडनाव मागं पडलं आणि पेंटर हेच नाव कायमचं चिकटलं.

एका सिनेमानं डोक्यात किडा सोडला

१९१३ साली फाळके यांचा राजा हरिश्चंद्र आला. देशी माणसानं काढलेला, आपल्या पुराणातली गोष्ट सांगणारा सिनेमा. तो पाहून आनंदराव आणि बाबूराव यांच्या डोक्यात एकच विचार घुमू लागला. आपण चित्र काढतो ते एका जागी थांबलेलं. हे चित्र तर चालतं, वळतं, हसतं. मग हेच का करू नये?

दोघांनी आधी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि सिनेमे दाखवण्याचा धंदा सुरू केला. यातून चार पैसे मिळत होते, पण खरा फायदा वेगळाच होता. यंत्र उघडून बघता येत होतं. फिल्म कशी सरकते, दाते कसे अडकतात, उजेड कुठून येतो, हे रोज हाताखालून जात होतं.

अडचण होती ती कॅमेऱ्याची. फाळके यांनी आपला कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. या दोघांकडं तेवढा पैसा नव्हता. त्यात १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल मिळणं आणखी अवघड झालं. म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला.

काम अर्ध्यावर असताना घाला पडला. १९१६ साली आनंदराव गेले. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, तोच भाऊ गेला. दुसरा कुणी असता तर पुन्हा पडदे रंगवायला लागला असता. बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांच्या मदतीला आले विष्णुपंत दामले. मूळचे पेणचे, यंत्रात डोकं चालणारे. दोघांनी खटपट करून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला.

तो कॅमेरा म्हणजे नेमकं काय होतं?

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्या काळच्या सिनेमाच्या कॅमेऱ्यात वीज नव्हती, मोटार नव्हती. बाजूला एक दांडा असायचा. तो हातानं फिरवायचा. आत ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या दोन्ही कडांना भोकं. दांडा फिरला की आतली नखी त्या भोकात अडकून फिल्म एक घर खाली ओढते, क्षणभर थांबवते, मग पुन्हा ओढते. फिल्म थांबलेली असेल तेवढ्याच वेळात झडप उघडून उजेड आत यायला हवा. फिल्म सरकताना झडप बंद हवी. हे सगळं एका सेकंदात साधारण सोळा वेळा.

यात केसाएवढी चूक झाली तरी चित्र थरथरतं, पुसट होतं, नाहीतर फिल्म फाटते. शिवाय डबी अशी हवी, की कुठल्याही फटीतून आत उजेड शिरता कामा नये. त्यात दांडा फिरवणाऱ्याचा हातही एका लयीत चालायला हवा. घाई केली की पडद्यावरची माणसं मुंग्यांच्या चालीनं चालणार, ढिलाई केली की माकडासारखी उडणार. असं यंत्र कोल्हापुरात, कुठल्याही कारखान्याशिवाय, दोन-चार माणसांनी हातानं घडवलं. भारतात बनलेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो.

गायिकेची मदत आणि महाराजांचा आधार

कॅमेरा तयार झाला, पण सिनेमा काढायला भांडवल लागतं. कोल्हापुरातल्या गायिका तानीबाई कागलकर पुढं आल्या आणि त्यांनी पैसा लावला. ज्या धंद्याकडं प्रतिष्ठित माणसं संशयानं बघत होती, त्यात एका बाईनं आपली कमाई घातली. भारतीय सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव एका ओळीपलीकडं सहसा येत नाही. पण त्या नसत्या तर कॅमेरा कदाचित कपाटातच राहिला असता.

दुसरा आधार राजर्षी शाहू महाराजांचा. कुस्ती, संगीत, नाटक यांना त्यांनी जसं बळ दिलं, तसंच या नव्या कलेलाही दिलं. जागा दिली, वीज तयार करायचं जनरेटर दिलं. अशा रीतीनं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

या कंपनीत कोण होतं बघा. पेणचे दामले. कागलचे फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणायचे. बाबूराव पेंढारकर. आणि पडेल ते काम करणारा एक कोवळा पोरगा, शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढचे व्ही. शांताराम. कुणी ब्राह्मण, कुणी मुसलमान, कुणी जैन, कुणी मराठा. एकाच आवारात राबायची, रंग कालवायची, लाकूड कापायची, फिल्म धुवायची आणि वेळ आली की तोंडाला रंग फासून कॅमेऱ्यासमोरही उभी राहायची. नट वेगळा आणि गडी वेगळा असा भेद तिथं नव्हता.

पहिल्याच सिनेमानं पुणं हलवलं

पहिला सिनेमा होता सैरंध्री. गोष्ट महाभारतातली, भीमानं कीचकाला मारल्याची. याच गोष्टीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं कीचकवध हे नाटक आलं होतं. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, असं लोकांनी ओळखलं आणि इंग्रज सरकारनं १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. तीच गोष्ट बाबूरावांनी पडद्यावर आणली, यातच काय ते आलं.

सैरंध्रीत बायकांची कामं बायकांनीच केली. फाळके यांच्या हरिश्चंद्रात तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं, कारण बाई मिळेना. त्यानंतर मोहिनी भस्मासुर या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. तरी सहा-सात वर्षांनंतरही सिनेमात काम करणाऱ्या बाईला समाज सुखानं जगू देत नव्हता. सैरंध्रीत काम करणाऱ्या गुलाबबाई, म्हणजे पडद्यावरच्या कमलादेवी, आणि अनसूयाबाई यांना लोकांनी वाळीतच टाकलं. त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावं लागलं. पडद्यावर द्रौपदीची विटंबना बघून हळहळणारेच लोक बाहेर या बायकांना नावं ठेवत होते.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये सैरंध्री लागला. भीम कीचकाला ठार मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की बघणारे घाबरले. तो भाग नंतर कापायला लावला गेला. लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत त्यांनी या तरुणाची पाठ थोपटली होती.

आज जे साधं वाटतं, ते यांनी सुरू केलं

बाबूराव मूळचे चित्रकार. त्यामुळं कॅमेरा लावायच्या आधी ते प्रसंग कागदावर काढायचे. पात्र कुठं उभं राहील, अंगावर काय असेल, दागिना कुठला, उजेड कुठल्या बाजूनं पडेल, हे सगळं आधी रेखाटून ठेवायचं. आज मोठमोठ्या स्टुडिओत हेच करतात आणि त्याला मोठमोठी नावं आहेत.

दुसरं म्हणजे त्यांनी सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले. ज्या कामात त्यांचा हात कुणी धरत नव्हता, तेच त्यांनी बाजूला सारलं. का? तर कॅमेऱ्यासमोर कापड कापडच दिसतं. त्यांनी लाकूड आणि प्लास्टर वापरून खरे खांब, खऱ्या कमानी, खऱ्या भिंती उभ्या केल्या. आपल्याच कलेचा मोह सोडणं हे सोपं नसतं.

१९२३ साली सिंहगड आला. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा. तोपर्यंत सिनेमा सूर्याच्या उजेडात काढायचे. ढग आले की काम बंद. सिंहगडसाठी बाबूरावांनी विजेचे दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली. सिनेमाला एवढी गर्दी झाली, की सरकारचं लक्ष तिकिटाच्या गल्ल्याकडं गेलं आणि करमणूक कर त्यातूनच आला, असं आजही सांगितलं जातं.

पुढच्या वर्षी, १९२४ ला, कल्याण खजिना आला. या सिनेमासाठी बाबूरावांनी रंगीत पोस्टर तयार केलं. भारतात आज शिल्लक असलेल्या सिनेमाच्या सचित्र पोस्टरांमध्ये हे सगळ्यात जुनं मानलं जातं. गावच्या नाक्यावर आपण जी सिनेमाची पोस्टरं बघत मोठे झालो, त्यांची सुरुवात इथून झाली.

सावकारी पाश: आपल्याच माणसाची गोष्ट

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. १९२५ साली बाबूरावांनी जे केलं, ते तोपर्यंत फारसं कुणी केलं नव्हतं. पुराण नाही, इतिहास नाही, राजा नाही, देव नाही. त्यांनी एक साधा शेतकरी घेतला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवर सावकारी पाश हा सिनेमा काढला.

गोष्ट अशी. शेतकरी सावकाराकडून कर्ज घेतो. सावकार खोटी कागदपत्रं करतो. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा अंगठा उठतो आणि जमीन हातची जाते. घरदार सोडून तो शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. जो काल धान्य पिकवत होता, तो आज यंत्रापुढं उभा. शेतकऱ्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी. सावकार झाले होते झुंझारराव पवार.

हे काही हवेतून आलेलं नव्हतं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यानंतर सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तरी गहाणखत, व्याजावर व्याज आणि जप्ती हे थांबलं नाही. ज्यांच्या घरात हे घडलं होतं, तेच लोक तंबूत आणि थिएटरात बसायचे. त्यांना बाबूरावांनी त्यांचंच घर दाखवलं.

या सिनेमातला अंधारलेल्या झोपडीचा प्रसंग पाहणाऱ्यांच्या मनात बसला. झोपडी, अंधुक उजेड आणि बाहेर तोंड वर करून रडणारा कुत्रा. सिनेमा मुका, आवाज नाहीच. तरी ते रडणं कानाला ऐकू यावं असा तो प्रसंग होता. मुंबईचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढं कित्येक वर्षांनी या सिनेमाची आठवण लिहून ठेवली. जमीन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट म्हटलं की आज लोकांना बिमल रॉय यांचा दो बिघा जमीन आठवतो. तो १९५३ चा. सावकारी पाश त्याच्या २८ वर्षं आधीचा.

पण गल्ल्यावर काय झालं? प्रेक्षकांना देवादिकांचे चमत्कार बघायची सवय लागली होती. दिवसभर जे सोसलं, तेच रात्री पैसे देऊन कशाला बघायचं, असंही अनेकांना वाटलं असेल. सिनेमा हवा तसा चालला नाही. कंपनी चालवायची तर पगार द्यावे लागतात. बाबूरावांना पुन्हा पौराणिक विषयांकडं वळावं लागलं. तरी ही गोष्ट त्यांनी मनातून काढली नाही. बोलपट आल्यावर १९३६ साली त्यांनी हाच सावकारी पाश पुन्हा काढला. एकच गोष्ट दोनदा सांगावीशी वाटली, यावरून ती त्यांच्या किती जिव्हाळ्याची होती ते कळतं.

शिष्य पुढं गेले, गुरू मागं राहिले

बाबूराव सावकाश काम करणारे. मनासारखं झाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. कारागिराचा हा गुण असतो, पण धंद्याला तो परवडतोच असं नाही. हाताखालची मंडळी आता तयार झाली होती आणि त्यांना वेगानं पुढं जायचं होतं. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढं १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांचा संत तुकाराम व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच प्रभातच्या आवारात आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

म्हणजे बघा, देशभरातले नट आणि दिग्दर्शक जिथं शिकून बाहेर पडतात, त्या जागेचं मूळ शोधत गेलं तर ते कोल्हापूरच्या त्या आवारात सापडतं.

बाबूरावांनीही नंतर कंपनी सोडली. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी उषा, प्रतिभा असे बोलपट केले. १९४७ च्या लोकशाहीर रामजोशी या सिनेमाचं दिग्दर्शन त्यांनी आपल्या जुन्या शिष्याबरोबर, शांतारामांबरोबर केलं. तमाशा आणि लावणीच्या दुनियेतली ही गोष्ट महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. याशिवाय चित्रं आणि शिल्पं चालूच होती. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.

मग राहिलं काय?

इथं खरी टोचणारी गोष्ट आहे. सैरंध्री आज नाही. सिंहगड नाही. १९२५ चा सावकारी पाश नाही. भारतात मूकपटाच्या काळात तेराशेच्या वर सिनेमे निघाले आणि त्यातले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पूर्ण स्वरूपात आहेत. काहींचे फक्त तुकडे उरलेत. बाबूरावांच्या कंपनीचे मुरलीवाला आणि सती सावित्री हे १९२७ चे सिनेमे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात थोडेफार बघायला मिळतात, एवढंच आपलं नशीब.

बाकीचे कुठं गेले? त्या वेळची फिल्म नायट्रेटची. उष्णतेनं पेट घेणारी, दमटपणानं कुजणारी. किती तरी रिळं आगीत गेली. बोलपट आल्यावर मूकपटाला किंमत राहिली नाही, म्हणून फिल्मवरची चांदी काढून घ्यायला अनेक रिळं वितळवली गेली. चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ ला. बाबूराव जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती आणि त्यांचं बहुतेक काम त्यांच्याही आधी गेलं होतं.

आपल्याकडं कागद जपायची सवय फक्त सातबाऱ्यापुरती आहे. बाकी सगळं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातं. पण पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव तंबू थिएटरं फिरली आहेत. कुणाचे आजोबा ऑपरेटर होते, कुणाचे पडदे रंगवायचे, कुणी तिकिटं फाडायचे. अशा घराच्या माळ्यावर एखादं जुनं पोस्टर, सिनेमाची गोष्ट छापलेली पुस्तिका, फोटो, पत्र्याच्या डब्यातलं रीळ पडलेलं असू शकतं. असं काही सापडलं तर भंगारवाल्याला देऊ नका. रीळ असेल तर चुलीपासून, विडीकाडीपासून लांब ठेवा, उन्हात उलगडत बसू नका आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. कुणी सांगावं, सावकारी पाशचा एखादा तुकडा अजूनही कुठल्या तरी पेटीत असेल.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आपण जातोच. तिथून जवळच खरी कॉर्नरला एक कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून तो उभारलाय. पुढच्या खेपेला पोरांना घेऊन पाच मिनिटं तिथं थांबा आणि त्यांच्या हातातल्या मोबाईलकडं बोट दाखवून त्यांना सांगा, की याचा एक पूर्वज इथं, आपल्याच मातीत, एका कारागिरानं हातानं घडवला होता.